तीन कॉर्डचा उन्हाळा

मार्च संपत आला की बदलापुरात दुपारचा वारा एकदम कोरडा होतो. डोंगराकडून येताना तो वाळलेल्या गवताचा वास आणतो आणि गॅलरीतल्या दोरीवरचे कपडे अर्ध्या तासात कडक करून टाकतो. मुलांच्या परीक्षा असतात, त्यामुळे बिल्डिंगमध्ये शांतता असते. कुणी जोरात टीव्ही लावत नाही. यंदा त्या शांततेत गिटार वाजू लागली. खालच्या मजल्यावरचे प्रधानकाका जानेवारीत रिटायर झाले आणि त्यांनी स्वतःलाच एक गिटार भेट दिली. लिफ्टमध्ये काकू मला म्हणाल्या, "सोपी गाणी आहेत म्हणे. दोन-तीन कॉर्ड आल्या की झालं. अजून एकही गाणं ओळखू आलेलं नाही मला."

गाणं खरंच ओळखू येत नाही. काका एक कॉर्ड, म्हणजे एकदम छेडलेले तीन-चार सूर, वाजवतात, मग बराच वेळ काही नाही. बोटं पुढच्या जागा शोधत असणार. गाणं तेवढा वेळ एका पायावर उभं राहतं. मग पुढची कॉर्ड येते, जराशी खरखरीत, एखादी तार दबलेली नसते. लोकांना या वाजवण्याचा कंटाळा येतो. मी मात्र त्या मधल्या थांब्यात हातातली भाजी तशीच ठेवून उभी राहते, आणि माझ्या डोळ्यांसमोर अंबरनाथचा बुवापाडा येतो, आमचं पत्र्याचं घर येतं, पत्र्यावर टाकलेली ओली गोणपाटं येतात आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपलेली आई येते.

नव्वदच्या आसपासचा तो उन्हाळा. मी बारावीला होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, कारखान्यात शिफ्टमध्ये कामाला होते. आई वस्तीतल्या बालवाडीची बाई होती. महिला मंडळानं समाजमंदिराच्या मागच्या खोलीत ती बालवाडी सुरू केली होती, आणि तिथं आईचा आवाज सकाळी इतका स्पष्ट ऐकू यायचा की चार गल्ल्या पलीकडच्या बायका म्हणायच्या, बाईंचं गाणं सुरू झालं, आता पोराला पाठवायला हवं. एप्रिलमधल्या जयंतीच्या आधी महिनाभर ती मुलांकडून गाणी बसवून घ्यायची. घरीही तिला गुणगुणल्याशिवाय भाकरी थापता येत नसे. लहानपणी तिनं माझ्यासाठी एक अंगाई केली होती. तिचीच चाल, तिचेच शब्द:

चांदणं बाई चांदणं, पत्र्यावर सांडलं,
माझ्या नंदाबाईनं डोळ्यांत कोंडलं.

मला ही अंगाई ऐकून कधी झोप आल्याचं आठवत नाही. चांदणं डोळ्यांत कोंडायचं म्हणजे डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे, यावर माझा गोंधळ व्हायचा. आई म्हणायची, "मीट गं बाई, मीट आणि आत बघ."

फेब्रुवारीच्या शेवटी, बालवाडीतून येऊन हात धूत असताना, आईच्या हातातला तांब्या खाली पडला. ती तो उचलायला गेली आणि हात पुढे गेलाच नाही. मी तिला विचारलं, काय झालं? तिनं तोंड उघडलं आणि काहीतरी भलतंच बोलली. अर्धांगाचा झटका होता. दवाखान्यातून ती घरी आली तेव्हा उजवा पाय ओढत का होईना चालत होती, उजवा हात थोडा थोडा उचलत होती, पण तिचं बोलणं गेलं होतं. सगळं गेलं होतं असंही म्हणता येत नाही. एक शब्द राहिला होता.

"पाणी देऊ का?"

"उद्या."

"डोकं दुखतंय?"

"उद्या. उद्या, उद्या."

तिला काहीतरी वेगळंच म्हणायचं असायचं आणि तोंडातून तेवढंच यायचं. आपण चुकीचं बोललो हे तिला लगेच कळायचं. डॉक्टर म्हणाले होते, "त्यांना समजतं सगळं. शब्द आहेत, पण ते सापडत नाहीत. वेळ जाईल." पहिले काही दिवस आई त्या शब्दाशी झगडली. ओठ आवळून, डोळे मिटून, दुसरा कुठला तरी शब्द ओढून आणू पाहायची. मग तिनं बोलणंच सोडलं. बोटानं दाखवायची, नाहीतर भिंतीकडे वळायची. मी तशीच परीक्षा दिली. मराठीच्या पेपरात निबंधाला कोणता विषय होता तेही मला आज आठवत नाही. घरी आल्यावर ती शांतता वाट बघत असायची, एवढं आठवतं.

परीक्षा संपल्यावर अण्णा म्हणाले, "विठ्ठलवाडीला टायपिंगचा क्लास लाव. घरात बसून काय करशील?"

"आईला कोण बघणार?"

"मी सकाळपाळी घेतो. तू जाशील तेवढा वेळ शेजारच्या काकू बसतील. तुझं काही थांबायचं नाही."

टायपिंगच्या क्लासमध्ये माझ्या शेजारच्या मशीनवर कविता बसायची. सिंधी होती, उल्हासनगर कॅम्प एकमध्ये राहायची, माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठी. बोलायची हिंदीत, मध्येच मराठी, आणि रागावली की सिंधी. एकदा मशीनवर माझी बोटं चालेनात आणि डोळे भरून आले, तेव्हा तिनं काही विचारलं नाही. क्लास सुटल्यावर म्हणाली, "चल, मेरे घर चल. पापड खायेगी."

कापडाच्या दुकानावरच्या माडीवर त्यांचं घर होतं. तिच्या आईनं पाण्याच्या ग्लासाबरोबर भाजलेला पापड पुढे केला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "खा, पुट." पुट म्हणजे लेकरू. आतल्या खोलीत भिंतीला एक गिटार टेकवलेली होती. कविताच्या भावाची. भाऊ दुबईला नोकरीला गेला होता आणि गिटार मागे राहिली होती.

"तुला येते?" मी विचारलं.

"तीन कॉर्ड येतात. भाईने जाताना शिकवल्या. जी, सी, डी. बाकीचं तो आल्यावर." तिनं गिटार मांडीवर घेतली. "पर तीन में बहुत गाने आते हैं, नंदा. मला पण विश्वास नव्हता. ऐक."

तिनं एक सिनेमातलं गाणं वाजवलं, मग दुसरं, मग तिच्या आईचं एक सिंधी गाणं. तिन्हींना त्याच तीन कॉर्ड. मला ती मोठी गंमत वाटली. इतकी वेगवेगळी गाणी आणि खाली पाया तोच. तिनं माझी बोटं तारांवर ठेवली. डीचा एक छोटा त्रिकोण व्हायचा, सीसाठी बोटं जिन्यासारखी उतरायची, आणि जीसाठी करंगळीपर्यंत हात फाकवायला लागायचा. तारा स्टीलच्या होत्या. पहिल्याच दिवशी बोटांवर लाल रेघा उठल्या. "टायपिंग जैसा ही है," कविता म्हणाली, "फक्त इथं दोन्ही हात एकमेकांशी भांडतात."

मी रोज जाऊ लागले. त्या खोलीत आवाज होता म्हणून जात होते, असं आता वाटतं. खाली दुकानात कापड फाडल्याचा चर्र आवाज, तिची आई स्वयंपाकघरातून ओरडणार, आणि मध्ये आमच्या तीन कॉर्ड. आठवड्याभरानं कवितानं गिटार एका जुन्या चादरीत गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. "घेऊन जा. इथं पडूनच आहे. भाई दिवाळीत येईल, तोवर तुझी." बसमध्ये कंडक्टरनं त्या गाठोड्याकडे बघून विचारलं, "सतार काय गं, ताई?" मी हो म्हटलं. गिटार म्हणायला मला का कुणास ठाऊक लाज वाटली.

त्या दुपारी आमच्या घरात जो उजेड होता तो अजून जसाच्या तसा आहे. पत्र्याला जिथं भोक होतं तिथून उन्हाचं एक नाणं खाली पडायचं आणि तास-दोन तासांत हळूहळू जमिनीवरून खाटेवर चढायचं. ओल्या गोणपाटांचा वास. लाइट गेलेली, पंखा थांबलेला. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिला त्रास होऊ नये म्हणून मी अगदी हळू वाजवत होते. जी. थांबा. सी. थांबा. जी. मोठा थांबा. डी. सिनेमातलं गाणं इतक्या सावकाश वाजवल्यावर त्याचं सिनेमातलं असं काही उरत नव्हतं. बोटं जिथं सोपं पडेल तिथं जात होती, आणि जाता जाता ती कुठल्या तरी ओळखीच्या वाटेवर लागली. मला ती अंगाई सुचली नव्हती. चाल आपली आपण तिथं आली. मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, "चांदणं बाई चांदणं, पत्र्यावर..." आणि डी शोधायला थांबले.

"सांडलं," खाटेवरून आवाज आला.

तो सुरात होता. बसका, खालचा, पण सुरात. मी डी वाजवायची विसरले. आई तशीच भिंतीकडे बघत होती. मी म्हटलं, "आई? काय म्हणालीस?" तिनं मान वळवली. ओठ हलले. "उद्या," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पुन्हा ती जुनी भीती आली.

मी नजर तारांवर ठेवली. पुन्हा वाजवायला लागले. पहिल्यापासून, तितकंच हळू. आणि आईनं अंगाई म्हटली. पहिली ओळ माझ्याबरोबर, दुसरी एकटीनं. माझं नावही म्हटलं त्यात. महिनाभरानं तिच्या तोंडून माझं नाव आलं आणि ते गाण्यात बसून आलं. उन्हाचं नाणं तेव्हा तिच्या पायाशी होतं. आम्ही ते तिच्या गुडघ्यापर्यंत येईस्तोवर तीच दोन ओळींची अंगाई म्हणत राहिलो. माझ्या बोटांतून रक्त यायचं बाकी होतं. थांबले तर ते सगळं जाईल असं वाटत होतं.

अण्णा सकाळपाळी संपवून आले. मी त्यांना काही सांगितलं नाही, फक्त वाजवलं. डबा हातात धरून ते दारात उभे होते. आई गायली. अण्णा उंबऱ्यावर बसले, बुटांच्या नाड्या सोडल्या आणि बूट न काढता तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "परत म्हणा." ते आईला अहोजाहो कधी करत नसत. त्या दिवशी का केलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पुढच्या भेटीत अण्णांनी डॉक्टरांना हे सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "होतं असं कधी कधी. बोलणं आणि गाणं डोक्यात एकाच जागी नसतं. जे चाललंय ते चालू ठेवा." एवढं पुरे होतं आम्हाला. त्यानंतर आम्ही गाणी करायला लागलो. खऱ्या अर्थानं सोपी गाणी. दोन शब्दांची, तीन शब्दांची, तीन कॉर्डची. पाण्याचं गाणं: पाणी दे गं, पाणी दे. चहाचं गाणं. पाय चेपण्याचं गाणं. मी सुरुवात करायची, शेवटचा शब्द आईनं भरायचा. मग हळूहळू शेवटचे दोन, मग सगळे. अण्णांना हाक मारायचं गाणं मी "अण्णा या हो" असं केलं, तर आईनं जोरात मान हलवली. दुसऱ्यांदा म्हटलं तरी तेच. मग तिनं स्वतःच त्या चालीवर म्हटलं, "अहो, या हो." नवऱ्याला ती अण्णा कशी म्हणणार? आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारच्या काकू धावत आल्या. आई फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

एक अडचण होती. माझ्या कॉर्ड आईला उंच पडायच्या. आजारात तिची पट्टी खाली गेली होती आणि ती ओढून गायची, दमायची. मी हे कविताला सांगितलं तर रविवारी ती स्वतः बुवापाड्यात आली, आमच्या जमिनीवर मांडी घालून बसली आणि आईला म्हणाली, "मौसी, आप गाओ." आई गाऊ लागली तशी कविता एकेक खुंटी सैल करत गेली. गाणं ऐकायची, तार छेडायची, अजून थोडी सैल. होता होता गिटार आईच्या आवाजापर्यंत खाली उतरली. सैल तारांचा आवाज वेगळाच आला, गोल आणि जरा झोपाळलेला, आणि बोटांनाही त्या कमी टोचायला लागल्या. आईनं डावा हात पुढे करून कविताच्या गालाला लावला. नंतर मी रस्त्यापर्यंत सोडायला गेले तेव्हा कविता म्हणाली, "मेरी मम्मी को मत बताना मैं रोई." मला तर ती रडलेली दिसलीच नव्हती.

सोपं या शब्दाचा मी तेव्हापासून पुष्कळ विचार केला आहे. आपण कुणाला सोपं गाणं शिकवतो तेव्हा मनात असतं की हे फक्त सुरुवातीला, खरं गाणं पुढे आहे. मला पुढे जावंसं वाटलंच नाही. कविताचा भाऊ दिवाळीऐवजी मे महिन्यातच तिच्या लग्नासाठी आला. ती लग्न होऊन इंदूरला गेली आणि गिटार नंदाकडेच राहू दे असं तिनंच भावाला सांगितलं. त्यानं मला हौसेनं चौथी कॉर्ड दाखवली, तिच्यात थोडं उदास काहीतरी होतं. मला ती आवडली, पण आमच्या एकाही गाण्यात तिची गरज पडली नाही.

त्या वर्षीची जयंती आई दारात खुर्चीवर बसून बघत होती. निळे झेंडे, ढोल, ट्रकवर लावलेले कर्णे, आणि तिनं आदल्या वर्षी बसवलेली गाणी म्हणत चाललेली मोठी मुलं. आईनं त्यांच्याबरोबर म्हणायचा प्रयत्न केला, पण मिरवणूक फार जलद होती, शब्द तिच्या हाती लागण्याआधी पुढे निघून जायचे. मिरवणूक गेल्यावर गल्लीत गुलाबपाकळ्या आणि धूळ उरली. तेव्हा मी गिटार काढली आणि तेच गाणं आमच्या चालीनं, म्हणजे मुंगीच्या चालीनं, वाजवलं. आईनं ते सगळं म्हटलं. गल्लीतल्या बायका एकेक करून आमच्या दारापाशी येऊन बसल्या.

महिला मंडळाच्या शांताताईही त्यांत होत्या. मोठी करारी बाई. बालवाडीचं सगळं त्याच बघायच्या. बायका पांगल्यावर त्या आईशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, मला बरं वाटलं ऐकून. पण स्पष्टच सांगते. जूनमध्ये बालवाडी सुरू होईल. मुलांशी बोलावं लागतं. गाऊन भागत नाही. दुसरी बाई बघू का?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी गिटार उचलणार तेवढ्यात तिनं हातानं थांबवलं. तिला काही म्हणायचं होतं आणि ते तिला गाण्याशिवाय म्हणायचं होतं. ओठ आवळले, कपाळावर शिर आली.

"उद्या," ती म्हणाली.

शांताताई उठल्या. आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बरं. जूनमध्ये एक दिवस या. बघू."

मे महिनाभर आम्ही बालवाडीची गाणी केली. या रे या. बसा रे बसा. हात धुवा, खाऊ खा. बदलापूरच्या बाजूनं येणाऱ्या बायका पानाच्या द्रोणांत करवंदं आणि जांभळं विकायला आणायच्या, ती खात खात आम्ही गाणी करायचो आणि आईचे शब्द जांभळे होऊन बाहेर यायचे. काही शब्द नुसतेही येऊ लागले, चालीशिवाय, वाट चुकून आल्यासारखे. "मीठ," असं ती एकदा जेवताना म्हणाली आणि अण्णांनी घास तसाच हातात धरला. पण ते कधी येतील आणि कधी नाही याचा नेम नसायचा. पुढे आई सतरा-अठरा वर्षं जगली. बोलणं पुष्कळ परत आलं, तरी थकली की अडकायची, आणि अडकली की चाल धरायची. भाजीवालीशी घासाघीस करताना मध्येच गायला लागायची. भाजीवालीला वाटायचं, बाईंचा मूड चांगला आहे, आणि ती भाव कमी करायची.

आता हे लिहिताना प्रधानकाकांची डी कुठंतरी अडकली आहे. उन्हं कलली, दोरीवरचे कपडे काढायचे आहेत. पण मी अजून त्या जूनमधल्या सकाळी उभी आहे, समाजमंदिराच्या मागच्या खोलीत.

आभाळ भरलेलं होतं आणि खोलीत अर्धा अंधार होता. चटईवर मुलं दाटीवाटीनं बसलेली, काही जुनी, काही नवी, काही रडणारी. अण्णांनी रजा काढली होती, पण आत येण्याचं धैर्य त्यांना झालं नाही, ते बाहेर पिंपळाखाली उभे राहिले. मी कोपऱ्यात गिटार घेऊन बसले. शांताताई दारात हाताची घडी घालून उभ्या. आई पाय ओढत मुलांसमोर गेली. तिनं माझ्याकडे न बघता मान हलवली आणि मी जी वाजवली.

"सोनू आला का, सोनू आला का?" आई गायली.

सोनूनं इकडेतिकडे पाहिलं. त्याला हा नवा खेळ वाटला. "आलो बाई, आलो," तो त्याच चालीवर ओरडला. मग पिंकी. मग सिद्धार्थ. तिसऱ्या-चौथ्या नावापर्यंत सगळ्या मुलांना खेळ कळला होता, आणि ती आपलं नाव कधी येतं म्हणून गुडघ्यांवर उभी राहून वाट बघत होती. रडणारी मुलं रडायची थांबली होती. आपल्या बाई आधी बोलायच्या आणि आता गातात, यात त्यांना काहीच वावगं वाटलं नाही.

भिंतीपाशी एक नवी मुलगी होती, नाकाला शेंबूड, हातात चपला घट्ट धरलेल्या. आईची नजर तिच्यापाशी आली आणि आईचं तोंड उघडंच राहिलं. नाव हरवलं. मी डीवर होते. डी वाजली की कान आपोआप जीची वाट बघतो, तिथं फार वेळ थांबता येत नाही. तरी मी डीच वाजवत राहिले, एकदा, दोनदा, पुन्हा. शांताताईंच्या हातांची घडी सुटली.

मुलीनं चपला खाली ठेवल्या. "मीनाक्षी आली," ती बारीक आवाजात गायली, "मीनाक्षी आली, बाई."

मी जीवर आले. मुलं हसली, आई हसली, मीनाक्षी चपला विसरून पुढे येऊन बसली. सगळ्यांची नावं झाली होती. मी थांबणार होते, पण आईनं मला थांबू दिलं नाही. डाव्या हातानं ठेका धरून ती दाराकडे वळली आणि सगळी मुलंही तिच्याबरोबर वळली.

"शांताताई आल्या का, शांताताई आल्या का?"

शांताताईंना जन्मात कुणी गाताना ऐकलं नव्हतं. त्यांनी एकदा बाहेर पिंपळाकडे पाहिलं, एकदा आईकडे पाहिलं. मग चपला काढून त्या आत आल्या, चटईच्या कडेला मुलांमध्ये बसल्या, आणि सगळे सूर सोडून, भसाड्या आवाजात म्हणाल्या, "आले बाई, आले."